गावच्या भातावर चाललेला संप : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाची चिकित्सा

डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांनी आर्थर स्कारगिल यांना आपल्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षपदी निवडून दिले. स्कारगिल यॉर्कशरमधल्या बार्न्सली भागातले, खाणकामगाराचे पुत्र, पंधराव्या वर्षी स्वतः खाणीत उतरलेले. त्याच्या दोनेक महिने आधी मुंबईत प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार बोनसच्या तडजोडीवर संतापून घाटकोपरच्या पंतनगरात एका डॉक्टरांच्या दारात ठाण मांडून बसले होते. हे डॉक्टर मालवणजवळच्या देवबागचे. साचेखात्यात त्यांनी आयुष्यात कधी पाळी भरली नव्हती आणि गिरण्यांच्या भानगडीत पडायला सुरुवातीला ते राजीही नव्हते. पुढच्या तीन-चार वर्षांत या दोघांनी आपापल्या देशातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक संपांपैकी एकेक संप चालवला. दोघेही हरले आणि दोघांच्याही पराभवानंतर एक अख्खा उद्योग नकाशावरून जवळजवळ पुसला गेला.

स्कारगिल यांच्यावर युरोपात भरपूर लिहिले गेले. डॉ. दत्ता सामंत यांच्याविषयी मराठीत एकतर आरती असते, नाहीतर शिव्या. त्यांनी गिरणगाव बुडवला, असे म्हणणारे जितके भेटतात, तितकेच ते देवमाणूस होते असे सांगणारेही. या दोन्ही मतांत संपाचे सगळे श्रेय-अपश्रेय एका माणसाच्या स्वभावावर टाकलेले असते. माझे म्हणणे वेगळे आहे. तो संप इतका लांबला का आणि शेवटी कुणी मागे न घेताच विरून का गेला, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते ठिकाण म्हणजे देवगड, मालवण, कणकवली, राजापूर या तालुक्यांतली गावे. ही गावेच त्या संपाचा निधी होती. नेतृत्वाची चिकित्सा या निधीपासून सुरू केली, तर सामंतांचे मोठेपण आणि त्यांची चूक दोन्ही नेमकी दिसतात.

दवाखान्यातून कारखान्याकडे

दत्तात्रय नारायण सामंत यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ चा. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथून मुंबईला जाणे हा त्या काळी किनारपट्टीवरच्या प्रत्येक घराचा ठरलेला मार्ग होता. फरक इतकाच की बहुतेक जण गिरणीत गेले आणि सामंत परळच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. एमबीबीएस होऊन त्यांनी पंतनगरला दवाखाना थाटला. घाटकोपरच्या डोंगरात तेव्हा दगडखाणी होत्या. तिथले मजूर छातीत धूळ आणि हातापायांवर जखमा घेऊन त्यांच्याकडे येत. औषध देऊन परत त्याच खाणीत पाठवायचे, यात अर्थ नाही हे डॉक्टरांना कळायला वेळ लागला नाही. साठच्या दशकात त्यांनी या खाणमजुरांची संघटना बांधली आणि तिथून त्यांचा दुसरा व्यवसाय सुरू झाला.

पुढचा आलेख झपाट्याने चढतो. काँग्रेस आणि तिची कामगार संघटना इंटक यांच्यातून प्रवेश, विक्रोळीच्या गोदरेजमधला १९७२ चा हिंसक संघर्ष, त्याच वर्षी काँग्रेसतर्फे विधानसभा. काँग्रेसचे असूनही आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७७ मध्ये बाहेर आले तेव्हा त्यांच्याभोवती वलय होते, आणि पुढच्या चार वर्षांत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांपर्यंत एकामागून एक संघटना त्यांच्याकडे येत गेल्या.

त्यांच्या पद्धतीकडे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यात बीजरूपाने आहे. इतर कामगारनेते ताळेबंद मागवून कंपनीला काय परवडेल याचा हिशेब करत बसत. सामंत ताळेबंद बाजूला सारत. कामगाराला जगायला काय लागते ते मागायचे, कारखाना बंद पाडायचा आणि मालक थेट बोलायला येईपर्यंत थांबायचे, ही त्यांची रीत. न्यायाधिकरणाच्या तारखांवर त्यांचा विश्वास नव्हता. याला अनेकांनी अविचार म्हटले, पण त्या कारखान्यांपुरती ही रीत अगदी हिशेबी होती. औषधे, यंत्रे, मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांच्या एकूण खर्चात मजुरीचा वाटा लहान असतो. कारखाना तीन महिने बंद राहिला तर बाजार दुसऱ्या कंपनीकडे जातो, आणि गेलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. अशा मालकाला पगारवाढ देणे हे बंदपेक्षा स्वस्त पडते. सामंतांनी हे अचूक ओळखले होते. इतरांच्या करारात जी वाढ पाच-सहा वर्षांत मिळत नसे ती त्यांच्या एका करारात मिळू लागली.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने कामगार संघटनेला मान्यता कारखान्यागणिक मिळे. तीस टक्के सभासद दाखवले की मान्यतेचा दावा करता येई. म्हणजे एक कारखाना, एक मालक, एक करार. डॉक्टर एकेक रोगी तपासतो तसे एकेक कारखाना हाती घेणाऱ्या नेत्याला ही चौकट फार सोयीची होती.

कायद्याची भिंत

गिरण्यांची गोष्ट मुळातच निराळी. तिथे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. या कायद्यात संघटनेची मान्यता एका कारखान्यापुरती नसून एका भागातल्या संपूर्ण उद्योगासाठी. मुंबईतल्या सगळ्या गिरण्यांसाठी प्रातिनिधिक संघटना एकच, आणि ती म्हणजे इंटकचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ. पंचवीस टक्के सभासद कागदावर असले की उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वतीनेही तिनेच बोलायचे. दुसऱ्या कुणाशी बोलणी करण्याचे मालकांवर बंधन नाही, आणि तिला डावलून केलेला संप बेकायदा. या कायद्याच्या आधीच्या पिढीतला, १९३८ चा औद्योगिक तंटा कायदा येत होता तेव्हा ७ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप केला होता. संपाचा हक्कच काढून घेतला जातो आहे, हा त्यांचा आक्षेप होता. १९८२ मध्ये तो आक्षेप अक्षरशः खरा ठरला.

गिरणी कामगारांची जुनी संघटना लाल बावट्याची. १९२८ चा सहा महिन्यांचा संप तिने लढवला होता. डांगे, निंबकर, जोगळेकर यांच्याबरोबर तिच्या कारभारात बेन ब्रॅडली हा इंग्रज कामगारनेताही होता आणि मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात तोही पकडला गेला. म्हणजे युरोपातल्या कामगार चळवळीशी गिरणगावाचे नाते नवे नव्हते. पण १९७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपानंतर डांग्यांच्या युनियनची पकड सैल झाली आणि मान्यताप्राप्त संघटनेवर कामगारांचा भरवसा मुळातच नव्हता. त्यातच एम्पायर डाइंगमध्ये सामंतांनी मिळवलेली वाढ गिरणीगेटावर चर्चेचा विषय झाली. १९८१ च्या दिवाळीत बोनसची तडजोड झाली तेव्हा कामगारांनी आपला नेता स्वतः निवडला. पंतनगरच्या दारातले ते ठाण म्हणजे एका अर्थी मतदानच होते, फक्त कायद्याला ते मान्य नव्हते.

१८ जानेवारी १९८२ ला बेमुदत संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाख कामगार. त्याच आठवड्यात राज्यात मुख्यमंत्री बदलत होता: अंतुले गेले होते, बाबासाहेब भोसले येत होते. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्या होत्याच, पण खरी मागणी १९४६ चा कायदा रद्द करण्याची होती. तिथेच सगळे अडले. पगारवाढ मालक देऊ शकत होते. कायदा फक्त सरकार बदलू शकत होते, आणि सामंतांना गिरण्या दिल्या तर उद्या गोदी आणि बंदर जाईल ही धास्ती दिल्लीपर्यंत पोचली होती.

मालकांचे गणितही इथे उलटे होते. यंत्रे जुनी, गोदामात न विकलेले कापड पडून, आणि भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीचे यंत्रमाग हाताशी. संपाच्या काळात यंत्रमागावर विणलेल्या कापडावर गिरणीचा छाप पडून ते बाजारात येत राहिले. ज्या मालकाला बंद परवडतो त्याच्याविरुद्ध बंद हे हत्यार बोथट असते. प्रीमियरमध्ये जी रीत अचूक होती ती इथे लागू पडण्यासारखी नव्हती, आणि सामंतांनी ती बदलली नाही. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी चूक, असे मला वाटते.

देवगडची बाजू

आता मुख्य मुद्द्याकडे. मुंबईतला संप साधारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोडतो, हा मालकांचा जुना अनुभव. खोलीचे भाडे, वाण्याची उधारी, खाणावळीचे बिल यांनी कामगार टेकीला येतो. सामंतांच्या संघटनेकडे अडीच लाख माणसांना पोसण्याइतका निधी नव्हता; कुठल्याच भारतीय संघटनेकडे नसतो. तरीही हा संप दीड वर्ष टिकला. कसा?

१९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजच्या सिंधुदुर्गातले देवगड, मालवण, वेंगुर्ले हे तालुके त्या रत्नागिरीतच येत. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला, म्हणजे संपाच्या जेमतेम आठ महिने आधी. पुढे घाटावरून आणि उत्तरेतून कामगार आले तसा हा वाटा कमी होत गेला, पण कोकणाचे गिरणीशी नाते तुटले नाही. देवगडकडच्या कातळाच्या सड्यावर भाताला जमीन कमी, पाऊस चार महिन्यांचा आणि घरात खाणारी तोंडे अनेक. एका भावाने मुंबईला जायचे आणि बाकीच्यांनी शेत सांभाळायचे, ही वाटणी चार-पाच पिढ्या चालली.

मुंबईत या माणसाचे घर म्हणजे गावकरी मंडळाचा गाळा. लालबाग-परळ-डिलाइल रोडच्या चाळीतली एक खोली गावाने मिळून घेतलेली. भिंतीलगत ओळीने पत्र्याच्या ट्रंका, वर खुंट्यांवर कपडे. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर चटई पसरतो. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबाने. कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर, आणि मंडळाच्या वहीत गावच्या शाळेला, देवळाला, मयताला दिलेल्या वर्गणीची नोंद. पगार झाला की मनीऑर्डर. पोस्टमन वाडीत आला की कुणाच्या घरी किती आले हे सगळ्यांना कळे. मागच्या बाजूला दोन ओळी लिहायला जी जागा असे, तेवढ्यात बियाणे, औषध, मुलाची फी, सगळे मावत असे.

संप सुरू झाला तेव्हा हा ओघ उलटा फिरला. जानेवारी-फेब्रुवारीत गाळे रिकामे होऊ लागले. कोकण रेल्वे अजून सोळा वर्षे दूर. माणसे एसटीने मुंबई-गोवा रस्त्याने किंवा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आली. शिमग्याला चाकरमानी येतोच, पण या वेळी शिमगा संपून तो परत गेला नाही. चैत्र-वैशाखात देवगडला हापूसचा हंगाम. ज्यांची स्वतःची कलमे होती ते बागेत राबले. ज्यांची नव्हती ते दुसऱ्याच्या बागेत झेला घेऊन झाडावर चढले, लाकडी पेट्यांत पेंढा घालून आंबा भरण्याच्या कामाला बसले. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी. वर्षानुवर्षे फक्त सणाला चार-पाच दिवस येणारा माणूस चिखलात उभा राहून तरवा लावू लागला. ऑक्टोबरात भातकापणी झाली आणि घरात निदान खायचे तांदूळ आले. कुळथाची पिठी, सुकी मासळी, नाचणीची भाकरी. पैसा नव्हता, पण उपाशी मरण्याची पाळी सरसकट आली नाही. मालक ज्या उपासमारीची वाट पाहत होते ती कोकणातल्या खळ्यात भाताने अडवली.

म्हणूनच सामंत मुंबईइतकेच गावोगाव फिरले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, सातारा-कोल्हापूरकडे त्यांच्या सभा झाल्या. संपाचा आधार कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. देवबागच्या माणसाला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

पण हा निधी सगळ्यांना सारखा मिळाला नाही, आणि ही गोष्ट कामगार चळवळीच्या लिखाणात फार कमी येते. कलमांची बाग असलेला कामगार आणि कोकणातला दलित कामगार यांच्या संपात जमीन-अस्मानाचा फरक होता. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कुळकायदा आला, तरी ज्यांच्या नावावर कधी जमीनच लागली नाही त्यांच्यासाठी गाव म्हणजे फक्त रोजगार हमीची खडी. गाबीत वाड्यांतल्या माणसांना होडीवर जागा मिळाली तर मिळाली. आंब्या-काजूच्या लागवडीसाठी रोजगार हमीतून अनुदान देणारी फळबाग योजना आली १९९० मध्ये. तोवर संपातून घरी बसलेल्या माणसाने तरुणपणातली सगळी उमेदीची वर्षे घालवली होती.

आणि सगळ्यांत मोठा भार बाईवर पडला. वाडीतली शेती आधीपासूनच बायका करत होत्या. नवरा घरी आला तेव्हा एक खाणारे तोंड वाढले आणि मनीऑर्डर थांबली. दागिना आधी गेला तो तिचाच. मुंबईत खाणावळ चालवणाऱ्या बायकांचेही तेच झाले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला सुरुवात केली होती. संपात जेवणारे गावी गेले आणि त्यांची बाकी वहीतच राहिली. अडीच लाख कामगारांचा संप, असे आपण लिहितो. त्या संपाला जगवणाऱ्या बायकांची मोजदाद कुठल्याही युनियनच्या दप्तरात नाही आणि याचा मला राग येतो.

लांबी आणि शेवट

आता स्कारगिल यांच्याकडे परत येऊ. मार्च १९८४ मध्ये यॉर्कशरच्या कॉर्टनवुड खाणीपासून त्यांचा संप पेटला. वीस खाणी आणि वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचा सरकारी कोळसा मंडळाचे अध्यक्ष इयन मॅकग्रेगर यांचा बेत हे कारण. थॅचर सरकारने आधीच कोळशाचे डोंगर साठवून ठेवले होते, जसे आपल्याकडे कापडाचे साठे होते. नॉटिंगहॅमशरच्या खाणी चालू राहिल्या, जसे आपल्याकडे यंत्रमाग चालू राहिले. सर्व सभासदांचे मतदान न घेता संप पुकारला, ही स्कारगिल यांची चूक विरोधकांनी शेवटपर्यंत सोडली नाही. न्यायालयाने युनियनचा पैसा गोठवला. तेव्हा खाणवस्त्यांतल्या बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, पण ती चारचौघांत, फलकाखाली, संघटनेच्या नावाने. त्यांचे मोर्चे निघाले, त्यांची नावे छापून आली.

खाणकामगाराला परत जायला गाव नव्हते. खाण आणि वस्ती एकाच ठिकाणी. हे त्याचे दुबळेपण होते, कारण वर्षभरात तो पिचला. पण त्यामुळे संपावर राहिलेले कामगार शेवटपर्यंत एकत्र राहिले. ३ मार्च १९८५ ला संघटनेच्या प्रतिनिधींनी मत देऊन संप मागे घेतला आणि दोन दिवसांनी अनेक वस्त्यांतून कामगार बँड आणि बॅनर घेऊन रांगेने खाणीवर परतले. करार झाला नव्हता, तरी एक संघटना हरली आणि हरताना संघटना म्हणूनच हरली.

मुंबईत असे काही झाले नाही. कामगार देवगडच्या सड्यावर, पाटणच्या खोऱ्यात, आजऱ्याच्या वाडीत विखुरला होता. ज्या गावाने त्याला टिकवले त्याच गावाने त्याला संघटनेपासून तोडले. रोज सकाळी गेटवर जमणे नाही, चाळीच्या नाक्यावर बोलणे नाही, तडजोड करावी की नाही यावर एकत्र विचार करण्याची जागाच नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबई पोलिसांनी बंड केले तेव्हा गिरणगाव रस्त्यावर आला; पोलीसही त्याच चाळींतले, त्याच गावांतले. ती शेवटची मोठी एकत्र उसळी. त्यानंतर एकेक जण कुणाच्या तरी पत्रावरून परत येऊ लागला. कुणाला कामावर घेतले, कुणाचे नाव हजेरीतून गेले, बदलीला तर कुणी विचारलेच नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा ताबा घेतला. सामंतांनी संप मागे घेतल्याची घोषणा कधीच केली नाही.

हा हट्ट नव्हता, असे मी म्हणणार नाही. काही अंशी होता. १९८२ च्या पावसाळ्यानंतर एखादी अंतरिम वाढ घेऊन कामगारांना एकत्र आत नेणे शक्य होते का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण तसा निर्णय घ्यायला सामंतांच्या खाली दुसरी फळी हवी होती, गिरणी समित्यांना खरे अधिकार हवे होते, आणि गावोगाव पसरलेल्या कामगारांचे मत घेण्याची काही यंत्रणा हवी होती. कामगार डॉक्टरांवर विसंबले आणि डॉक्टर गावावर. दोघांच्या मधे संघटना म्हणून जे असायला हवे ते कारखान्यागणिक करारांच्या धावपळीत त्यांनी कधी उभेच केले नव्हते.

त्यांच्याविषयीची माया मात्र आटली नाही. १९८४ च्या काँग्रेस लाटेत दक्षिण-मध्य मुंबईने त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. हरलेल्या संपाच्या नेत्याला त्याच कामगारांनी निवडून द्यावे, याला मी अंधभक्ती म्हणणार नाही. त्यांनी आपल्याला विकले नाही एवढे त्या मतदारांना पक्के ठाऊक होते, आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या तुलनेत ही गोष्ट मोठी होती. १९८९ मध्ये शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे ती जागा गेली. सामंत लढत राहिले. १६ जानेवारी १९९७ ला पवईच्या घरातून पंतनगरच्या कचेरीकडे निघालेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या वेळी वाद पगाराचा उरला नव्हता. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीला मोकळ्या केल्या होत्या.

त्या जमिनींतला काही वाटा कामगारांच्या घरांसाठी राखावा, ही लढाई इतर संघटनांनी पुढे चालवली. २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. अर्ज घरांच्या कितीतरी पट आले होते. पात्रतेची अट अशी होती की अर्जदार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असला पाहिजे. तो हयात नसेल तर वारसाला अर्ज करता येई. तिकीट नंबर, भविष्यनिर्वाह निधीची पावती, ईएसआयचे कार्ड यांतला एखादा कागद लागे. देवगड तालुक्यातल्या घरांत तो कागद असेल तर बहुधा त्या पत्र्याच्या ट्रंकेत, आणि तो जपून ठेवणारी असते ती त्या कामगाराची बायको. १९८२ चा पावसाळा तिने मनीऑर्डरीशिवाय काढला. पुढे अर्जावर वारस म्हणून सही तिची लागली.